वाक्यं नका उतरवू, प्रसंग उतरवा: वाचलेलं कामाला लावायची माझी पद्धत

माझ्याकडे एक जाड डायरी होती, सहा-सात वर्षं खपून भरलेली. पुस्तकात, पेपरात, व्हॉट्सॲपवर, कुठेही चांगलं वाक्य दिसलं की उतरवून घ्यायचे, नेतृत्वावरचं लाल पेनने, देवाधर्माचं निळ्याने, बोलण्या-वागण्याचं हिरव्याने. दिसायला इतकी छान की बहिणीने फोटो काढून स्टेटसला ठेवली होती. मग एका दिवाळीत, फराळाची मोठी ऑर्डर सकाळी द्यायची आणि आदल्या रात्री माझ्याकडच्या दोघींचं चकलीच्या भाजणीवरून वाजलं, एक एप्रन काढून चालती झाली, दुसरी रडत बसली, बाकी सहाजणी माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी काय केलं तर आत जाऊन डायरी उघडली. हसू नका. अडीचशे तरी वाक्यं असतील तिच्यात, त्यातलं एकही त्या रात्री उपयोगाला आलं नाही.

माझं नाशिकला पोळीभाजी केंद्र आहे, मी धरून नऊजणी, रोजचे दीडशेच्या आसपास डबे. कुणी म्हणेल की एवढ्याशा कामाला कसलं आलंय लीडरशिप आणि कम्युनिकेशन. त्यांनी एकदा पहाटे साडेपाचला आमच्या ओट्याशी उभं राहून बघावं.

त्या दिवाळीनंतर मी पद्धत बदलली आणि आता चार वर्षं ती चाललीये, म्हणून लिहितेय. एका वाक्यात सांगायची तर, वाक्य उतरवायचं नाही, प्रसंग उतरवायचा. म्हणजे कोण कशात अडकलं होतं, त्याने नेमकं काय केलं, आणि ते केल्याची किंमत काय पडली. चौथी ओळ आपली, की हे माझ्याकडे कुठे बसेल. बस, चारच ओळी, आणि समोरचं पान कोरं सोडायचं. ते कोरं पान सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपण ते करून बघितलं की काय झालं ते तिथे लिहायचं. माझ्या वहीत अर्ध्याहून जास्त कोरी पानं अजून कोरीच आहेत, चालतं.

वही साधी घ्या, शंभर पानी, किराणा दुकानातली. भारी डायरी घेतली की अक्षर चांगलं काढायचा मोह होतो आणि मग आपण पुन्हा वाक्यं सजवत बसतो.

एक प्रसंग पूर्ण करून दाखवते म्हणजे कळेल

अर्नेस्ट शॅकल्टन, दक्षिण ध्रुवाकडे गेलेला. 1914 ला निघाला, एंड्युरन्स नावाचं जहाज, 28 माणसं. जहाज बर्फात अडकलं, चिरडलं आणि 1915 च्या नोव्हेंबरात बुडालं. माणसं बर्फावर. सामान कमी करायचं म्हणून त्याने सगळ्यांना स्वतःच्या वस्तू टाकायला लावल्या आणि पहिल्यांदा स्वतःकडची सोन्याची नाणी बर्फात फेकली. पण एकाचा बँजो मात्र ठेवायला लावला, जड असूनही, का तर संध्याकाळी माणसांना गाणं लागेल. फरच्या स्लीपिंग बॅगा सगळ्यांना पुरणार नव्हत्या, काही लोकरीच्या होत्या, त्या कमी उबदार. चिठ्ठ्या टाकल्या. आणि गंमत बघा, चिठ्ठ्या अशा काही निघाल्या की फरच्या बॅगा साध्या खलाशांकडे गेल्या आणि शॅकल्टन आणि त्याचे अधिकारी लोकरीच्या घेऊन झोपले.

आता ‘नेत्याने त्याग करावा’ असं लिहिलं असतं तर मी ते विसरले असते. प्रसंग लिहिला म्हणून चौथ्या ओळीत प्रश्न पडला की माझ्याकडची लोकरीची बॅग कुठली. तर आमच्याकडे तीन शेगड्या, त्यातली भिंतीकडची मे महिन्यात नुसती भट्टी, तिथे वारा पोचतच नाही. तिथे कायम सगळ्यात नवीन मुलगी उभी असायची, कारण जुन्या बायका आधी येऊन चांगल्या जागा धरायच्या. मी काही भाषण केलं नाही, चिठ्ठ्याही टाकल्या नाहीत, एक दिवस लवकर जाऊन तिथे स्वतःच उभी राहिले आणि मे संपेपर्यंत तिथेच पोळ्या भाजल्या. समोरच्या पानावर लिहिलंय की दहाव्या दिवशी मोठ्या मावशी म्हणाल्या, “सरक गं बाई, आज मी उभी राहते.” त्याच्याखाली असंही लिहिलंय की माझ्या हिशोबाची वाट लागली, फोन कुणी उचलत नव्हतं, दोन ऑर्डरी गेल्या. ती किंमत. ती लिहायचीच.

शॅकल्टनच्या बाबतीतही किंमत लिहिल्याशिवाय प्रसंग पुरा होत नाही. त्याच्या जहाजावरचा सुतार, मॅकनिश, फार कुरकुऱ्या. बर्फावर त्याने एकदा सरळ हुकूम मानायला नकार दिला. त्याआधी त्याचं लाडकं मांजर शॅकल्टनने मारायला लावलं होतं, सोबत नेता येणार नाही म्हणून, मग तो माणूस काय गोड बोलणार होता. तरीही शेवटी मदत आणायला छोट्या होडीतून साऊथ जॉर्जिया बेटाकडे जे सहाजण गेले त्यात शॅकल्टनने त्याला घेतलं, आणि ती होडी समुद्रात टिकेल अशी डागडुजी त्यानेच केली होती. ऑगस्ट 1916 मध्ये मागे राहिलेले बावीसच्या बावीस जण सुटले. आणि मग पदकं वाटायची वेळ आली तेव्हा शॅकल्टनने या सुताराची शिफारस केली नाही. ज्याच्या हातामुळे होडी टिकली त्यालाच पदक नाही. हा भाग प्रेरणादायी भाषणांतून बहुतेक गाळतात, आणि मला तर हाच भाग जास्त शिकवून गेला, कारण माझ्याकडेही एक कुरकुऱ्या मावशी आहेत आणि दिवाळी बोनसच्या वेळी माझाही हात थोडा आखडता व्हायचा. झाला होता, एकदा. वहीत आहे.

म्हणून थोर माणसाचा प्रसंग लिहिताना त्याचं चुकलेलंही त्याच पानावर लिहा, नाहीतर ती आरती होते.

काय वाचायचं

मी तीन टोपल्या करते. एक आपल्या मातीतली, एक लांबची, आणि एक अशा धंद्यातली ज्याचा आपल्याशी काहीएक संबंध नाही. ही तिसरी टोपली बहुतेक लोक उचलतच नाहीत, व्यवस्थापनाची पुस्तकं वाचायची असली की व्यवस्थापनाचीच वाचतात आणि त्या सगळ्यांत तेच पाच किस्से फिरत असतात. (रॉकेट पडलं तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन यांनी स्वतः पत्रकारांना तोंड दिलं आणि उडालं तेव्हा कलामांना पुढे केलं, हा प्रसंग खरा आहे आणि चांगलाच आहे, पण तुम्हाला तो आत्तापर्यंत चाळीस वेळा आला असेल म्हणून मी सांगत बसत नाही.) मी सार्वजनिक वाचनालयाची सभासद आहे, नाशिकचं ते 1840 पासूनचं, आणि माझा नियम असा की दोन पुस्तकं आवडीची घेतली की तिसरं असं घ्यायचं जे मी एरवी हातात धरलं नसतं.

अशाच तिसऱ्या टोपलीत विमान अपघात सापडले. 27 मार्च 1977, टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं, एक केएलएमचं, एक पॅन ॲमचं. केएलएमच्या वैमानिकाला परवानगी मिळालीये असं वाटलं आणि तो निघाला. त्यांच्याकडून रेडिओवर गेलं की आम्ही आता टेकऑफवर आहोत, टॉवरने समजून घेतलं की हे टेकऑफसाठी तयार उभे आहेत, टॉवर म्हणाला ओके, पुढचं ‘थांबा, मी सांगतो’ हे दुसऱ्या विमानाच्या बोलण्यात मिसळून नुसती खरखर झाली. केएलएमच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलंही की ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाहीये का, पण कॅप्टन सगळ्यात अनुभवी, तो ठामपणे म्हणाला झालंय की, आणि विषय संपला. 583 माणसं गेली. त्यानंतर विमानवाल्यांनी शब्दच बांधून घेतले, ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि खालच्या माणसाने शंका आली की अडून बसायचं, वरच्याने ऐकायचं, याचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं.

मी हे वाचलं आणि वही बाजूला ठेवून आमच्या स्वयंपाकघरातला ‘झालं’ आठवला. दिवसातून शंभरदा कुणीतरी ओरडतं, “झालं गंऽऽ!” काय झालं? भाजी शिजली? डब्यात भरली? डबे गाडीवर चढले? एकदा बावीस डबे भाजीच्या खणात नुसता पुदिन्याचा वास घेऊन गेले होते, कारण एकीचं ‘झालं’ म्हणजे शिजलं होतं आणि दुसरीने ऐकलं ते भरलं. तर आता आमच्याकडे ‘झालं’ बंद. ‘शिजलं’, ‘भरलं’ आणि ‘गेलं’, तीनच शब्द, आणि ‘भरलं’ हे झाकण लावलेल्या हातानेच बोलायचं. पहिले आठ दिवस सगळ्या एकमेकींची टिंगल करत होत्या, नंतर जीभ वळली.

दुसरी अर्धी गोष्ट मात्र कठीण गेली. नवी मुलगी हळूच म्हणाली होती, “ताई, आमटीत मीठ दोनदा पडलं वाटतं,” आणि मी मान वर न करता म्हणाले नाही गं. चाळीस डबे खारट. ती परत बोलली नाही कारण मी ताई. मग नियम केला की ‘वाटतं’ म्हणाली की हात थांबवायचा आणि चव बघायची, कुणीही म्हणो. माझ्याकडून अजूनही आठवड्यात एकदा मोडतो.

सांगायचं कसं हे मी एका जुन्या पत्रातून घेतलं

शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या लष्करी छावणीच्या अधिकाऱ्यांना गेलेलं एक पत्र आहे, 1670 च्या दशकातलं. मूळ पत्र शोधून वाचाच, जुनी मराठी आहे पण दोनदा वाचलं की कळतं. विषय किती साधा, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत जपून वापरा आणि शेतकऱ्यांना त्रास देऊ नका. पण सांगितलंय कसं बघा. आत्ताच चारा उधळलात तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी. मग तुम्ही मुलखाला त्रास द्याल, कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, आणि मग लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. पुढे तर आगीबद्दल लिहिताना कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल इथपासून ते रात्री जळता दिवा ठेवला तर उंदीर त्याची वात ओढून नेईल इथपर्यंत. उंदीर! राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करून लिहितोय.

आमच्या ग्रुपवर मी आधी टाकायचे, ‘सर्वांनी स्वच्छता व सुरक्षिततेची काळजी घ्यावी’, खाली आठ अंगठे यायचे आणि काही फरक पडायचा नाही. आता मेसेज लिहिताना मी विचारते, यातला उंदीर कुठला? मग मेसेज असा होतो की रात्री शेवटी जाणारीने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून हाताने हलवून बघायचा, ओलं पोतेरं शेगडीवर वाळत टाकायचं नाही कारण सकाळी पहिली येणारी अंधारात लायटर लावते. लांबतो मेसेज, पण काम होतं. तुम्ही बँकेत असा, शाळेत असा, सोसायटीचे सेक्रेटरी असा, कुठलीही सूचना लिहिली की तिच्यात उंदीर शोधा, नसला तर ती पाठवू नका.

तोंडाने शिकवायचं असेल तर गाडगेबाबा. शाळा न शिकलेला माणूस, गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आणि कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारायचेच जास्त, लोकांच्या तोंडूनच उत्तर काढायचे. मी नव्या मुलीला आता यादी वाचून दाखवत नाही, विचारते, गॅस बंद केलास, आता पहिलं काय बघशील? चुकीचं सांगते, दुसरी हसते, आणि मग ते कायमचं लक्षात राहतं. खराट्याचं वेगळं सांगायला नको.

श्रद्धेचं काय करायचं

हे वाचन जपून हाताळा, कुठल्याही टोपलीतलं असो. श्रद्धेवरचं वाचन पटकन सुविचार होतं, आणि मालकीणबाईंच्या तोंडी आलेला सुविचार कामाला असलेल्या बाईला टोचतो. तिचा पगार दोन दिवस लांबला असताना ‘देवावर विश्वास ठेव’ हे मी एकदा बोललेय आणि तिने माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही. म्हणून या वाचनातून मी एवढंच उतरवते की श्रद्धेमुळे माणसांनी कुठली व्यवस्था उभी केली, काय नियम पाळले.

वारीतली समाजआरती बघा. माझे वडील माउलींच्या पालखीत चालायचे, मी एकदाच गेले, लोणंदपासून फलटणपर्यंत. संध्याकाळी पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, कानाला दडे बसतात. मग चोपदार दंड वर करतो आणि सगळं एकदम शांत. इतकं शांत की अंगावर काटा येतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्याकडे जातो, ऐकून घेतो, आणि तक्रारीचं काय ते बघूनच आरती पुढे होते. देवाची आरती थांबते, पण तक्रार ऐकली जाते! मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला वाटलं होतं कुणाचं तरी लक्ष नाही म्हणून वाजवतायत.

पंधरा-वीस वर्षांनी ते वहीत आलं आणि आता शनिवारी दुपारी ओटा धुऊन झाला की आम्ही गोल बसतो, प्रत्येकीपुढे ताटली-चमचा, मी लाटणं वर करते. हो, लाटणं. जिचं काही म्हणणं असेल तिने चमचा वाजवत राहायचं. पहिल्या शनिवारी नुसता हशा, दुसऱ्या शनिवारी कुणीच वाजवलं नाही, तिसऱ्या शनिवारी एकच चमचा वाजत राहिला, कुरकुऱ्या मावशींचा, आणि तक्रार माझ्याबद्दल होती, की मी त्यांना सगळ्यांदेखत वयावरून बोलले. बोलले होते. सगळ्यांदेखतच माफी मागितली, घसा कोरडा पडला होता.

आणखी एक छोटं. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, वयाने लहान असो मोठा असो. तोच मान समोरचीच्या श्रद्धेलाही द्यायचा, हे मला उशिरा कळलं. आमच्याकडे एकजण रमजानचे रोजे धरते, आणि नेमकी तीच आमची सगळ्यात चांगली चव बघणारी. पहिल्या वर्षी मला सुचलंच नाही, तिला सवयीने चमचा पुढे केला. आता तो महिना चव दुसरीकडे आणि ती फोडणीच्या वासावरून सांगते, बहुतेक बरोबर सांगते.

जे जमलं नाही तेही

लिंकनचं एक पत्र आहे. जुलै 1863, अमेरिकेतलं यादवी युद्ध, गेटिसबर्गची लढाई जिंकली पण सेनापती मीडने शत्रूच्या सैन्याला निसटू दिलं, लिंकन भयंकर चिडला, कडक पत्र लिहिलं आणि पाकिटावर नोंद केली की पाठवलं नाही, सही केली नाही. मी म्हटलं वा, हे आपल्यासारख्या तापट बाईला उत्तम. रागाचा मेसेज स्वतःलाच पाठवायचा, सकाळी वाचायचा. छान चाललं होतं, एकदा चुकून ग्रुपवर गेला तेवढं सोडलं तर. पण मग एका गिऱ्हाईकाने तीन महिने पैसे थकवले आणि मी रोज रात्री स्वतःलाच कडक मेसेज पाठवत राहिले, त्याला मात्र ‘नमस्कार, आठवण करून देत आहे’. पैसे बुडाले. समोरच्या पानावर मोठ्या अक्षरात आहे: लिंकनने आवरलं ते ज्याच्याकडून उद्याही काम करून घ्यायचं होतं त्याच्याशी, बुडव्याशी नाही. प्रसंग उचलताना नातं कुठलं होतं तेही बघा, म्हणजे चौथी ओळ चुकणार नाही.

आणि खात्री करा. फॉरवर्डमधला प्रसंग मी तसाच वहीत घेत नाही, साल, गाव आणि माणूस दोन वेगळ्या ठिकाणी सापडला तरच. निम्मे गळतात. वेळ म्हणाल तर मला कणीक मुरेपर्यंतची वीस मिनिटं मिळतात, त्यात दहा पानं होतात, आठवड्याला एक प्रसंग, त्याहून जास्त घेऊ नका, पचत नाही.

वहीत सगळ्यात शेवटी उतरवलेला प्रसंग 1932 चा, धुळ्याचा तुरुंग. विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. बोलणाऱ्याने स्वतः लिहिलं नाही, ऐकणाऱ्याने लिहिलं. त्यावरून शनिवारच्या बैठकीची वही मी त्या मिठाच्या आमटीवाल्या मुलीकडे दिलीये, तिचं अक्षर चांगलं आहे आणि ती कुणाला भीत नाही, निदान कागदावर तरी. पहिल्याच पानावर तिने माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, किंमतीसकट, आणि समोरचं पान कोरं सोडलंय.